टीटीएफ घ्या, ओटीएफ घ्या, वॉफ घेऊ नका, आणि एकदा ‘कऱ्हाड’ टाइप करून बघा

मराठी फॉन्ट वाटणाऱ्या एका साइटला तीन तारे देतोय, पाचातले. लग्नसराईत लिहायला बसलो असतो तर एकच दिला असता, तोही फुकट आहे म्हणून. मधल्या काळात साइट चालवणाऱ्या पोरांचा फोन आला, त्यांनी ऐकून घेतलं, थोडंफार बदललं, म्हणून तीन. साइटचं नाव लिहीत नाही. तिघं आहेत, कॉलेज करून चालवतायत, उगाच कशाला.

मी कऱ्हाडात डीटीपी करतो, बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दुकानाचं बिलबुक, शाळेची स्मरणिका, जे दारात येईल ते. सकाळी आल्या आल्या कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि रात्री शटर ओढताना बंद करायचं, त्यामुळं फॉन्ट म्हणजे आमचा किराणाच, रोज लागतो. म्हणून जेव्हा कळलं की मराठी फॉन्ट शेअर करायची एक नवी साइट निघालीय, कुणीही स्वतः बनवलेला फॉन्ट अपलोड करायचा आणि कुणीही फुकट डाउनलोड करायचा, तेव्हा मला खरंच आनंद झाला. सहा महिने वापरली. दोन्ही बाजूंनी वापरली, म्हणजे फॉन्ट घेतले पण आणि एक द्यायचा प्रयत्न पण केला, त्याची कथा पुढं येतेच.

दिसायला साइट छान आहे. वर एक पट्टी, तिथं आपला मजकूर टाइप करायचा की सगळे फॉन्ट त्या मजकुरात दिसतात. जाहिरातींमध्ये दोन खोटी डाउनलोड बटणं होती, ती आता काढलीत. वेग बरा. एवढं कौतुक पुरे.

आता मुद्दा. अपलोडच्या पानावर सुरुवातीला कुठल्या प्रकारच्या फाइली घेणार याची जी यादी होती ती अशी: टीटीएफ, ओटीएफ, टीटीसी, डीफॉन्ट, पीएफबी, वॉफ, वॉफ-टू, ईओटी, एसव्हीजी, झिप, रार. अकरा! पंगतीत वाढप्यानं विचारलं काय वाढू, तर ताट पुढं करून सगळंच वाढा म्हणणारा एखादा असतो ना, तसं. पोरांचा हेतू चांगला, कुणाला नाही म्हणायचं नाही, जास्त फॉन्ट येऊ देत. पण फॉन्टच्या साइटची पत दारात कुणाला घेता यावर ठरते, आणि हे मला कसं कळलं ते सांगतो.

मला एक सवय आहे, नवा फॉन्ट आला की पहिला शब्द टाइप करायचा तो गावाचं नाव. कऱ्हाड. त्यातला तो र बघा, ह च्या आधी आडव्या कोयरीसारखा लागलेला, तो मराठीत लागतो, कोकणीत लागतो, नेपाळीत लागतो, पण हिंदीवाल्यांना लागत नाही, आणि देवनागरी फॉन्ट म्हणून फिरणारे निम्मे फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. मग कऱ्हाड टाइप केलं की कधी ह च्या डोक्यावर रफार बसतो, कधी र चा पाय मोडून शेजारी ह उभा राहतो, कधी चौकोनी डबा येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या जगभरच्या पद्धतीत, हा र दोन पद्धतीनं लिहिता येतो, एक म्हणजे नुक्तावाला, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, आणि दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्या मागं एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. काही फॉन्टला पहिली कळते, दुसरी कळत नाही, काहींना उलट. गंमत म्हणजे आमच्या गावाचं नाव लोक सरळ ‘कराड’ पण लिहितात आणि मला तर वाटतं निम्म्या पाट्यांवर ते फॉन्टच्या कटकटीनंच आलंय, पण ते असो.

तर मार्चमध्ये एक पत्रिका आली. आडनाव कऱ्हाडे. साडेतीनशे पत्रिका, चार रंगात, आत दोन पानं. मुलीला त्या साइटवरचा एक गोलसर, हातानं लिहिल्यासारखा फॉन्ट आवडला होता, तिनंच लिंक पाठवली. डाउनलोड केला, टीटीएफ होता, टाकला, कऱ्हाड टाइप केलं, आलं. र व्यवस्थित. मी खूश. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी छपाईची प्लेट करायला जायची होती, पीडीएफ केली आणि पाठवून दिली.

छापून आल्यावर नवरदेवाचे आजोबा दुकानात आले, पत्रिका हातात, चष्मा कपाळावर. म्हणाले, “काय हो, आमच्या आडनावात हा ऱ्हा दुसऱ्याच्या घरचा वाटतोय.”

बघितलं तर खरंच. क गोल, ड गोल, आणि मधला ऱ्हा सरळसोट, जाड, सरकारी नोटिशीतल्यासारखा. म्हणजे त्या फॉन्टमध्ये तो ऱ नव्हताच. सॉफ्टवेअरनं काय केलं, तेवढं अक्षर विंडोजच्या दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणलं आणि गुपचूप मधे बसवलं, एका शब्दानं सांगितलं नाही. डबा आला असता तर रात्रीच कळलं असतं. साडेतीनशे पत्रिका माझ्या खर्चानं परत छापल्या. आजोबा भला माणूस, दुसऱ्या खेपेला पेढे घेऊन आले, पण ऑफसेटवाल्यानं पैसे काय कमी घेतले नाहीत.

मग त्या रविवारी फॉन्ट फोडून बघितला, फॉन्टफोर्जमध्ये. फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर, दिसायला जुनाट आहे पण आतलं सगळं दाखवतं. आत जेमतेम दीडशे अक्षरं. बऱ्यापैकी देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं धरून कित्येक शे लागतात. यात ट्ठ नाही, ह्म नाही, ञ नाही, ऱ नाही, ॲ नाही. आणि एकदम लक्षात आलं की हा कुणीतरी कुठल्यातरी वेबसाइटवरून उचललाय! वेबसाइटवाले पान लवकर उघडावं म्हणून फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरं ठेवतात, बाकीची कापतात, त्याला सबसेट म्हणतात. कुणा बहाद्दरानं ते कापलेलं वॉफ उतरवलं, ऑनलाइन कन्व्हर्टरमधून टीटीएफ केलं, आणि ‘मराठी हस्ताक्षर फॉन्ट फ्री’ म्हणून चढवलं. कुणाचा फॉन्ट, त्यानं वाटायला परवानगी दिली का, कशाचा पत्ता नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की वॉफ आणि वॉफ-टू अपलोडला घेऊच नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वॉफ हा काही वेगळ्या जातीचा फॉन्ट नाही, आत तोच टीटीएफ किंवा ओटीएफ असतो, वरून ब्राउझरपर्यंतच्या प्रवासासाठी गाठोडं बांधलेलं असतं. डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या संस्थेनं वॉफ २०१२ साली आणि वॉफ-टू २०१८ साली पक्कं केलं, दुसऱ्यात ब्रॉटली नावाचं कॉम्प्रेशन आहे आणि ते पहिल्यापेक्षा साधारण तीस टक्के लहान बसतं. वाईट काहीच नाही त्यात. पण ते बांधायचं काम साइटनं करावं! माणसानं पूर्ण टीटीएफ द्यावा, साइटनं त्यातून स्वतः वॉफ-टू बनवून वेबवाल्यांसाठी बाजूला ठेवावं. उलटं कशाला? शेतातला माल सोडून हॉटेलातली भाजी घेऊन परत बी पेरायला निघाल्यासारखं आहे ते.

त्यात अजून एक. कन्व्हर्टरमधून गेलेल्या फॉन्टचं कधी कधी जीएसयूबी नावाचं टेबलच गळून पडतं. इंग्रजीचं त्यावाचून फारसं अडत नाही, आपलं सगळंच त्यावर. क, हलन्त, ष असं आलं की क्ष दाखवायचा, र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार करून न्यायचा, अर्ध्या अक्षरांचे आकार आणायचे, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. ओपनटाइपमध्ये, म्हणजे आजच्या फॉन्टची जी ठरलेली रचना आहे तिच्यात, त्या नियमांना चार चार अक्षरांची नावं आहेत आणि त्यातली काही चक्क आपलीच, ‘नुक्ता’, ‘हलन्त’, आणि क्ष-ज्ञ साठीच्या नियमाचं नाव तर ‘अखंड’. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलं होतं, मायक्रोसॉफ्टच्या कागदात अखंड! ते टेबल गेलं की ‘लक्ष्मी’ची लक्तरं होतात.

ईओटी आणि एसव्हीजी फॉन्टवर वेळ घालवत नाही. ईओटी फक्त इंटरनेट एक्सप्लोररसाठी होतं, तो ब्राउझरच मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये डेस्कटॉपवर बंद केला. एसव्हीजी फॉन्ट क्रोमनं २०१४ लाच सोडला. यादीत ते का होते विचारलं तर पोरगं म्हणालं, “काका, दुसऱ्या साइटवर बघून लिस्ट केली होती.” प्रामाणिक उत्तर. पीएफबी म्हणजे टाइप वन, अ‍ॅडोबीचं १९८४ चं, एकेकाळी प्रेसमध्ये याच्याशिवाय पान हलत नव्हतं, पण जानेवारी २०२३ पासून अ‍ॅडोबीनं स्वतःच त्याचा हात सोडलाय. आणि डीफॉन्ट, मॅकची जुनी भानगड. त्याच्या आधीची मॅकची सूटकेस नावाची फॉन्टफाइल तर अजून मजेशीर, तिच्यातला खरा माल फाइलच्या एका लपलेल्या भागात असायचा, विंडोजवर किंवा सर्व्हरवर नेली की तो भाग मागंच राहायचा आणि हातात रिकामी फाइल. साइटवर असा एक फॉन्ट मी स्वतः बघितला, साइझ शून्य केबी, डाउनलोड चारशेच्या वर! चारशे जणांनी रिकामा डबा घरी नेला आणि एकानं कमेंट पण केलीय, ‘छान फॉन्ट, धन्यवाद’.

मग राहिलं काय, टीटीएफ आणि ओटीएफ. दोन्ही घ्या, आणि यात भांडू नका. टीटीएफ अ‍ॅपलनं आणला १९९१ ला, पुढच्या वर्षी विंडोज ३.१ मध्ये आला. ओपनटाइप मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅडोबीनं मिळून १९९६ च्या सुमारास जाहीर केला. लोकांना वाटतं ओटीएफ म्हणजे नवीन आणि चांगला, टीटीएफ म्हणजे जुना, तसं काही नाही, आजचा टीटीएफ पण आतून ओपनटाइपच असतो, जोडाक्षरांचे सगळे नियम त्यात बसतात. फरक मुख्यतः रेषेच्या वळणाचा, दोघांचं वळण मोजायचं गणित वेगळं. डिझायनरनं ज्यात काढला त्यात द्यावा. साइटनं आपल्या मनानं टीटीएफचा ओटीएफ करू नये, ओटीएफचा टीटीएफ करू नये, वळणं थोडी थोडी हलतात आणि फ्लेक्सवर चार फुटी अक्षर झालं की ते दिसतं. मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये बॅनर करणारी पोरं आहेत, त्यांचं दोन्हीवर भागतं.

आता खरी दुखरी गोष्ट, आणि ही बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही. टीटीएफ म्हणजे टीटीएफ असं मराठीत नसतंय. एक्स्टेन्शन तेच, आयकॉन तोच, आत मात्र दोन वेगळे धर्म. एक युनिकोड, जिथं म म्हणजे म. दुसरा जुना, जिथं इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेत. कृतिदेव घ्या, त्यात ‘मराठी’ लिहायचं तर कीबोर्डवर ई, जे, के, कॅपिटल बी, एच दाबायचं, आणि फाइलच्या आत खरोखर तीच इंग्रजी अक्षरं असतात, फक्त वरून मराठीचा अंगरखा. फॉन्ट काढला की उघडं पडतं सगळं. आमच्या पिढीनं यातच आयुष्य काढलं, मी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीवर शिकलो, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचं ते, सीडॅकचा सुरेख, योगेश, सगळे हाताखालून गेले. त्यांना नावं ठेवणार नाही, युनिकोड धड चालत नव्हता तेव्हा मराठी छपाई त्यांनीच उचलून धरली, आणि सुरेखची अक्षरं अजून डोळ्याला गोड लागतात.

पण आज साइटवर कुणी अठरा वर्षाचं पोरगं असा फॉन्ट उतरवतं, गुगल कीबोर्डनं ‘मराठी’ टाइप करतं आणि काहीच बदलत नाही, अक्षरं जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. मग खाली कमेंट, ‘फॉन्ट चालत नाही, फेक आहे’. चालतो रे बाबा, त्याला तुझी भाषा कळत नाही. साइटवर डावीकडं ‘फॉरमॅट: टीटीएफ’ एवढंच लिहिलेलं, त्यातून कुणाला काय कळणार? माझ्या मते मराठी फॉन्टच्या साइटवर फॉरमॅटच्या रकान्यात पहिली गोष्ट हीच पाहिजे, युनिकोड आहे का नाही. मशीनला ते एका सेकंदात कळतं, फॉन्टच्या आत एक यादी असते कुठल्या अक्षराला कुठला आकार, देवनागरीचे नंबर ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, त्यातलं तिथं काहीच नसेल तर तो जुना. सरळ परत पाठवा. पोरांनी विचारलं, जुन्यांसाठी वेगळा कप्पा करू का? मी म्हटलं विचार चांगला आहे, जुन्या पेजमेकरच्या फाइली उघडायला लागतात ते फॉन्ट, माझ्याकडंच सीड्यांची चळत पडलीय. पण ते बहुतेक सगळे विकत घ्यायचे फॉन्ट आहेत, कुणी फुकट वाटायला ठेवत असेल तर ते त्याचे नाहीत. कप्पा केला की दुसऱ्या दिवशी चोरबाजार भरणार. नकोच.

यावरून लायसन. झिपमध्ये लायसनची फाइल नसेल तर अपलोडच होऊ देऊ नका, हा नियम मी फॉरमॅटच्या नियमातच धरतो. गुगल फॉन्ट्सवरून काही उतरवलं की आत टीटीएफ असतात आणि शेजारी ओएफएल नावाची टेक्स्ट फाइल असते, कुणी उघडत नाही ती, पण ती असते. ओपन फॉन्ट लायसन, एसआयएल या संस्थेचं, १.१ आवृत्ती २००७ ची. त्यात साधं सांगितलंय, वापरा, बदला, वाटा, धंद्यात वापरा, फक्त नुसता फॉन्ट एकटा विकू नका, आणि मूळ माणसानं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्या. आमच्या धंद्यात याचा थेट संबंध आहे. फॉन्टच्या आत एक बारीकसा आकडा असतो, पीडीएफमध्ये एम्बेड करायला, म्हणजे फाइलच्या आतच फॉन्ट बसवायला परवानगी आहे का नाही सांगणारा. तो दोन असला की मनाई. मागं मी असाच कुठूनतरी आलेला फॉन्ट अहवालाला लावला, पीडीएफ करताना एम्बेड होईना, शेवटी सगळा मजकूर कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकले, चौऱ्याऐंशी पानं, आणि मग सभासदांच्या यादीत एक नाव चुकलंय असा फोन. कर्व्ह केलेल्यात नाव कसं दुरुस्त करणार? काढलं परत सगळं. साइटनं हा आकडा वाचून फॉन्टच्या पानावर दाखवला तर काय बिघडतं.

आता माझ्या फॉन्टची कथा. आमच्याकडं एक पेंटर होते, दुकानांच्या पाट्या, बैलगाडीच्या शर्यतींचे बोर्ड, सगळं ब्रशनं. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम गेलं. लॉकडाउनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी बाजारपेठेत हिंडून त्यांच्या उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले आणि त्यावरून फॉन्ट करायला घेतला. त्यांचा ल असा, पाकळ्या फुटल्यासारखा, आणि श ला खाली देठ. हे मुद्दाम सांगतोय, शासनानं २००९ मध्ये जीआर काढून मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श च धरलाय, पण बऱ्याच फॉन्टमध्ये आपला ल आणि श आत लपवून ठेवलेला असतो, सॉफ्टवेअरला ‘भाषा मराठी’ सांगितलं तरच बाहेर येतो, आणि हे किती जण सांगतात? म्हणून टिरो या फॉन्ट करणाऱ्या कंपनीनं टिरो देवनागरी मराठी नावाचा वेगळाच फॉन्ट करून ठेवलाय, हिंदीचा वेगळा, संस्कृतचा वेगळा. शहाणपणाचं काम.

तर माझा फॉन्ट झाला, चार वर्षं लागली, टीटीएफ काढला आणि बरोबर फॉन्टफोर्जची मूळ फाइल, एसएफडी, ती पण अपलोड करायला गेलो. लाल अक्षरात आलं, ‘हा फाइल प्रकार स्वीकारला जात नाही’. म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररचं मढं चालतंय, रिकामी सूटकेस चालतीय, आणि ज्यातून फॉन्ट दुरुस्त होऊ शकतो ती मूळ फाइल चालत नाही! त्या दिवशी मी एक तारा लिहून ठेवला होता.

मूळ फाइल का पाहिजे? टीटीएफ म्हणजे छापलेली पत्रिका, एसएफडी म्हणजे कोरलची फाइल. पत्रिकेवरून दुरुस्ती करता येत नाही असं नाही, पण जीव जातो. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, मोकळा दिलेला फॉन्ट. त्याची देवनागरी घेऊन आयआयटी मुंबईच्या लोकांनी त्यावर शोभिका केला, सोळाशेच्या वर अक्षरं, संस्कृतची अवघड जोडाक्षरं सगळी. दिलं मोकळं म्हणूनच ना पुढं वाढलं? मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता, त्याची मूळ फाइल गिटहब या कोड वाटायच्या साइटवर आहे, ज्याला शिकायचं त्यानं उघडून बघावं रफार कसा बसवलाय. तर मी सांगितलं, एसएफडी घ्या, ग्लिफ्स या सॉफ्टवेअरची फाइल घ्या, यूएफओ घ्या, सगळे मूळ फाइलीचेच प्रकार. यूएफओ ही एक फाइल नसते, फोल्डर असतं, प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल, म्हणून ते झिपमध्येच घ्यावं लागतं. आणि झिपच घ्या, रार कशाला, आणि झिपमध्ये इन्स्टॉलरची ईएक्सई सापडली की झिपच फेकून द्या. २०११ ला ड्यूक्यू नावाचा व्हायरस विंडोजच्या टीटीएफ वाचण्यातल्या भोकातून शिरला होता, नुसता वर्डमधला फॉन्ट पुरला त्याला. क्रोम आणि फायरफॉक्स वेबवरचा प्रत्येक फॉन्ट आधी एका गाळणीतून काढतात, ओपनटाइप सॅनिटायझर, फुकट आहे, साइटनं पण तीच लावावी.

झिपबद्दल एक बारीक तक्रार, फाइलची नावं मराठीत ठेवू नका. मला अभिमान आहे भाषेचा, पण काही झिपमधनं उघडल्यावर ‘शुभमंगल’चं असं कडबोळं होतं की फाइल सापडत नाही. फॉन्टचं नाव मराठीत ठेवा, फाइलचं नको.

व्हेरिएबल फॉन्टबद्दल विचारलं त्यांनी. एका फाइलमध्ये बारीकपासून जाडपर्यंत सगळं, २०१६ पासूनची गोष्ट, आणि ‘एक टाइप’चा ‘अनेक’ नावाचा फॉन्ट बघाल तर रुंदी पण ओढता येते, भारी प्रकार आहे. घ्या. पण बरोबर सुट्या फाइली मागा, रेग्युलर, बोल्ड असे. आमच्यासारख्यांकडं कोरल जुनं असतं आणि त्यात व्हेरिएबल टाकला की एकच जाडी दिसते, गिऱ्हाईक म्हणतं बोल्ड करा, आपण नुसतं बघत बसायचं. गुगल झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर देतं ते यासाठीच.

फोनवर हे सगळं सांगायला पाऊण तास लागला. मधे लाइट गेली, इन्व्हर्टर ओरडत होता. पोरगं लिहून घेत होतं. शेवटी म्हणालं, “काका, एवढं सगळं तपासायला माणूस कुठनं आणू? आम्ही तिघंच आहे.” म्हटलं माणूस नको, अपलोड झाल्या झाल्या एक ओळ दाखवा त्या फॉन्टमध्ये, आणि त्यातलं कुठलं अक्षर दुसरीकडून उसनं आलं तर लाल करा. ओळ मी देतो. दिली पण: ‘कऱ्हाडच्या दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यास आणि आचार्यास, ॲप, ऑफिस, लक्ष्मी, ज्ञान, श्री, चिठ्ठी, ब्राह्मण, वाङ्मय’. कविता म्हणून वाईट आहे, पण यातून सुटलेला फॉन्ट पत्रिकेत दगा देत नाही.

दोन महिन्यांत त्यांनी काय केलं, ते सांगायला पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू अन्यायाचा होईल. यादी अकरावरून आता टीटीएफ, ओटीएफ आणि झिप एवढीच. झिपमध्ये एसएफडी, ग्लिफ्स, यूएफओ चालतात. वॉफ-टू साइट स्वतः करते, माझा फॉन्ट ३१० केबीचा, वॉफ-टू ९८ चा झाला. लायसनशिवाय बटण दाबताच येत नाही. युनिकोड नसलेले फॉन्ट काढायला घेतलेत, अजून पंचवीस-तीस दिसतात. शून्य केबीवाला काढला, त्याच्या खालची ‘छान फॉन्ट, धन्यवाद’ पण गेली, तिची जरा चुटपुट लागली. एम्बेडिंगचा आकडा अजून दाखवत नाहीत. शोध अजून बेकार आहे, ‘हस्ताक्षर’ टाकलं तर काहीच येत नाही, इंग्रजीत टाकावं लागतं, मराठी साइटवर! हे दोन आणि उरलेले जुने फॉन्ट निघाले की चौथा तारा देईन.

परवा मी माझा फॉन्ट परत चढवला. ऐटीत, की बघा आता. झिप गेली, गाळणीतून पास झाली, लायसन वाचलं, आणि ती ओळ आली पेंटरांच्या अक्षरात. कऱ्हाड बरोबर, दऱ्या बरोबर, दर्या बरोबर, लक्ष्मी तर काय दिसत होती. आणि मधेच ‘ॲप’चा ॲ लाल. तो ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, आणि आमच्या पेंटरांनी एकाही पाटीवर ॲप लिहिलं नव्हतं, त्यामुळं माझ्याही डोक्यात आलं नाही, काढायचाच राहिला होता. शनिवारपासून बसलोय काढत. त्यांच्या अ वर चंद्र कुठं ठेवायचा हेच जमेना झालंय.